एकोणतीस तारीख विसरलेलं घड्याळ

"आपल्या तिकिटाची तारीख उलटून गेली आहे," फाटकावरच्या मशीनने तिसऱ्यांदा सांगितलं आणि लाल दिवा लावला.

को युन-चिंगने तिकीट ओल्या बाहीला पुसलं, उलटं केलं, सुलटं केलं. २९ फेब्रुवारी, पलीकडच्या छोट्या बेटावर जाणारी सकाळी साडेसातची बोट. आज २९ फेब्रुवारीच, आणि सात वाजून दहा मिनिटं. तिच्या मागे माकुंग बंदराच्या धक्क्यावर साठेक माणसं, खोकी, गाठोडी, आणि लग्नाच्या स्वयंपाकाची भलीमोठी पातेली घेऊन निघालेले आचारी. आणि वारा... फंगहू बेटांवरचा फेब्रुवारीतला वारा, जो माणसाला धड बोलू देत नाही आणि धड गप्प बसू देत नाही.

"अहो, आज एकोणतीसच आहे ना?" तिने एका पाठीला विचारलं. पाठच तेवढी दिसत होती. डोकं आणि दोन्ही हात मशीनच्या उघड्या पोटात गेलेले होते.

"आहे ना," पोटातून आवाज आला. "तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. आता याला कोणीतरी समजावून सांगा, मी तर हरलो."

"हे काय म्हणतंय?"

"हे म्हणतंय, आज एक मार्च."

मग तो बाहेर आला. वाऱ्याने उभे राहिलेले केस, गालावर काळ्या तेलाचा पट्टा, दातांत धरलेली छोटी बॅटरी. त्याने बॅटरी काढली, तिच्याकडे पाहिलं, आणि पुढे काय बोलायचं होतं ते बहुधा विसरला.

युन-चिंगने नजर काढून घेतली ती मशीनच्या डोक्यावर ठेवलेल्या कुरकुऱ्यांच्या हिरव्या पाकिटावर नेली. मशीनने शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे असं पाकीट ठेवतातच. तिने ते उलटून पाहिलं.

"हे बघा. पाकीट जानेवारीतच शिळं झालंय. मशीन रुसेल नाहीतर काय करेल?"

"सकाळपासून एवढी अक्कल शिकवणारं तुम्ही सहावं माणूस," तो म्हणाला. "पण हसवणारं पहिलंच."

"काल संध्याकाळी बंद केलं होतं हे?"

"रोजच करतो. खाऱ्या वाऱ्यात रात्रभर तापत ठेवलं तर सहा महिन्यांत गंजून बसेल."

"आणि घड्याळाला हात लावलात?"

"नाही लावला."

"सगळे असंच म्हणतात."

"सगळे कोण?"

"घड्याळाला हात लावणारे."

तो हसला. पण ते हसू फार टिकलं नाही. त्याने तारीख हाताने नीट केली, मशीन परत उठायला लागलं, आणि तेवढ्यात बोटीने भोंगा दिला. वारा वाढत होता, कप्तान थांबायला तयार नव्हता, आणि बंदराचा नियम असा की मशीनने तिकीट घेतलं नाही तर प्रवाशांच्या यादीत नाव नाही, आणि यादीत नाव नाही तर बोटीत पाय नाही. त्या सकाळी खिडकीवर तिकीट काढलेल्यांची नावं तिथेच यादीत चढली होती, ते दहा-बारा जण तेवढे गेले. आगाऊ तिकीट काढून शहाणपणा करणारे सगळे धक्क्यावर उभे राहून बोटीची पाठ बघत राहिले, आचारी आणि पातेल्यांसकट. दुसऱ्या दिवशी त्या बेटावर चाळीस टेबलांचं लग्न होतं. आणि दुपारी पाटी लागली : वाऱ्यामुळे सोमवारपर्यंत बोटी बंद.

युन-चिंग निघाली होती बेटावरच्या आत्याकडे, चार दिवस झोपा काढायला. आता ना आत्या, ना झोप. बॅग घेऊन ती धक्क्यावर वाऱ्याशी भांडत उभी होती, तेव्हा तोच परत आला. आता तोंड धुतलेलं होतं.

"माझ्या मशीनमुळे अडकलात. राहायची सोय करतो. मी औ चिया-लून. इथे सगळे आ-लून म्हणतात."

"तुमचं मशीन? तुम्ही बनवलंत?"

"बनवणारा सापडला तर त्याला समुद्रात बुडवीन," आ-लून अगदी सौजन्याने म्हणाला. "मी फक्त सांभाळतो. तुम्ही काय करता?"

युन-चिंगने खरं तेच सांगितलं. शिन्चू शहरात एका कंपनीत ती मशीनच्या पोटातल्या घड्याळांचं काम करते. मशीन चालू असतं तोवर स्वतःची वेळ स्वतः मोजतं. बंद झालं की बटणाएवढ्या सेलवर जगणारी एक चिप ती वेळ सांभाळते. बंद होताना चिपला वेळ सांगून ठेवायची आणि उठल्यावर तिच्याकडून विचारून घ्यायची, एवढंच काम करणारा एक छोटा प्रोग्राम यंत्रणेच्या अगदी गाभ्यात बसलेला असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. ती असे ड्रायव्हर लिहिते.

आ-लून रस्त्यातच थांबला.

"म्हणजे मशीन झोपलेलं असताना वेळ कुणाकडे ठेवायला द्यायची, हे तुम्ही ठरवता?"

"साधारण तसंच."

"मग तुम्हाला मी सोमवारपर्यंत सोडत नाही," तो म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते कळून कान लाल करून घेतले. "म्हणजे... मशीनसाठी."

"मशीनसाठी," युन-चिंग म्हणाली. तिलाही उगाचच गरम वाटायला लागलं होतं, एवढ्या वाऱ्यात.

त्या दुपारी त्याने तिला लाल भोपळा घातलेल्या शेवया खायला नेलं. खाताखाता अहो-जाहो कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. तो एकतीसचा, ती एकोणतीसची. त्याचे वडील त्याच कंपनीच्या बोटीवर आयुष्यभर दोर ओढत आले होते. पोराने किनाऱ्यावरची, मशीनची नोकरी मिळवली याचा त्यांना कोण अभिमान.

"आणि आता?" तिने विचारलं.

आ-लूनने शेवया काड्यांवर गुंडाळल्या आणि तशाच परत सोडल्या. "मॅनेजर म्हणतात, अठ्ठावीसच्या सुट्टीच्या गडबडीत तूच चुकीची तारीख टाकलीस. नवऱ्या मुलाचा काका आमच्या संचालकांपैकी एक. लग्नात लोकांनी पाकिटातले नूडल्स खाल्ले तर तो मला कच्चा खाईल. सोमवारी दहा वाजता बैठक आहे. माफीपत्र लिहून द्यायचं, मी घड्याळाशी खेळलो म्हणून. दिलं तर नोकरी राहील. नाही दिलं तर नाही."

"मग?"

"बाबा म्हणतात, सही कर, चार अक्षरांनी काय झिजतोस? पण मी हात लावलाच नाही, युन-चिंग. एवढ्याशा गावात एकदा खोटं लिहून दिलं की ते कायमचं खरं होतं."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. तिने तिथल्या तिथे ठरवलं, की सोमवारच्या आत खरा चोर शोधून याच्यासमोर उभा करायचा. आता खरं सांगायचं तर यात न्यायाची चाड किती आणि त्याने डोळे वर करून तिला नावाने हाक मारली त्याचा भाग किती, ते तिलाही सांगता आलं नसतं.

शुक्रवारी सकाळी नाश्त्याच्या दुकानात सोयाच्या दुधाचा पेला शेजारी ठेवून तिने लॅपटॉप उघडला. फाटकाच्या मशीनमधला सर्किट बोर्ड तिच्याच कंपनीचा होता, हे तिने काल आ-लूनच्या खांद्यावरून डोकावून पाहिलंच होतं. त्यात विशेष काही नव्हतं, निम्म्या देशात त्यांचेच बोर्ड आहेत. तिने त्या बोर्डाचा ड्रायव्हर काढला आणि वाचायला लागली.

दहाव्या मिनिटाला दुधाच्या पेल्याकडे गेलेला तिचा हात थांबला.

आमच्याकडे सालं दोन. जगाचं २०२४, आणि घरचं, प्रजासत्ताकाच्या जन्मापासून मोजलेलं, ११३. दुधाच्या पुड्यावर, दाखल्यावर, पगाराच्या चिठ्ठीवर ११३च. हा ड्रायव्हर मुळात तीस वर्षांपूर्वी तिच्या कंपनीतल्या जुन्या होउ सरांनी सरकारी कचेऱ्यांसाठी लिहिलेला. सरकारी माणसाच्या हाताला घरचंच साल येणार, तसं त्यांनी चिपमध्ये घरचं साल ठेवलं. पण चिपमध्ये सालाला जागा दोनच आकड्यांची, म्हणजे ११३ चं उरलं १३. आणि चिप बिचारी अडाणी. तिला एवढंच कळतं, की या दोन आकड्यांना चारने भाग गेला तर फेब्रुवारी एकोणतीस दिवसांचा, नाही गेला तर अठ्ठावीसचा. २४ ला भाग जातो. १३ ला जात नाही. म्हणून बुधवारी रात्री, मशीन झोपलेलं असताना, चिपने अठ्ठावीस तारखेनंतर सरळ एक मार्च केला.

बाकी सगळे दिवस हिशेब चोख. एकदा एकोणतीस तारीख गेली की चूक अशी दडी मारून बसते, की पुढची तीन वर्षं कुणाला सापडू नये. मशीन बसवलं गेल्या उन्हाळ्यात, त्यामुळे हिची पहिलीच खेप.

पण हात थांबला तो यामुळे नाही. या कामात एक रीत आहे. गाभ्यात एक ओळ जरी घातली, तरी घालणाऱ्याने खाली आपलं नाव लिहायचं, मी हे तपासलं आणि याची जबाबदारी माझी. ते नाव मग पुसता येत नाही. सहा वर्षांपूर्वी हा जुना ड्रायव्हर नव्या बोर्डावर कोणी आणला? चालतंय त्याला हात कशाला लावा, म्हणून न वाचता तसाच्या तसा कोणी उतरवला? खाली नाव होतं : को युन-चिंग.

तिने शिन्चूला साहेबांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"छान पकडलंस. पुढच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्त करून टाक. गिऱ्हाइकाला काही बोलू नकोस, वकील बघतील. तुझ्या बढतीचा कागद माझ्या टेबलावर आहे, हे लक्षात ठेव."

"पण इथे एका माणसाची नोकरी—"

"युन-चिंग, तू सुट्टीवर आहेस ना? मग सुट्टी घे."

फोन ठेवला आणि दुकानाच्या काचेवर टकटक झाली. बाहेर आ-लून, दोन्ही हातांत गरम ब्राउन शुगरचा केक. बनवणारा सापडला तर समुद्रात बुडवीन, असं म्हणणारा तोच. तिने लॅपटॉप एवढ्या घाईने मिटला की दूध सांडलं.

"सापडलं काही?"

"अजून... नाही."

हे तिचं पहिलं खोटं. आणि खोट्याचं कसं असतं, एक बोललं की दुसऱ्याला बसायला पाट लागतो.

शनिवार सगळा तिने तळ्यात-मळ्यात काढला. सांगावं तर हा उठून जाईल. न सांगावं तर सोमवारी याची मान कापली जाईल, आणि सुरी आपली. आ-लून तिला गावभर हिंडवत होता, समुद्री देवीच्या देवळात उदबत्त्या लावत होता, ओळखीच्या एका मावशींच्या दुकानात निवडुंगाचं लालभडक बर्फ खायला घालत होता, आणि तिचं कशात लक्ष नव्हतं.

"तुझी जीभ लाल झालीय," तो म्हणाला.

"तुझी पण."

"मग आपण एकमेकांना शोभतो," तो म्हणाला आणि लगेच दुसरीकडे बघायला लागला.

मावशी काउंटरमागून खुसखुसल्या. "अरे, पोरीला थंडीत बर्फ चारतोस? अशाने मिळतात होय बायका?"

"मावशी, ती मशीनसाठी थांबलीय."

"हो, हो. मीही तुझ्या काकांकडे सायकल दुरुस्तीसाठीच गेले होते."

युन-चिंग हसली आणि त्याच क्षणी तिला रडूही आलं. वाऱ्यामुळे डोळ्यांत पाणी येतं असं म्हणायची इथे सोय आहे, तिने ती वापरली.

रविवारी ते गावाबाहेर गेले. तिथे शेतांभोवती प्रवाळी दगडांच्या कमरेएवढ्या भिंती आहेत, वाऱ्यापासून कोबी वाचवायला. अशा एका भिंतीच्या आडोशाला ते दोघं कोबीसारखेच खाली दबून बसले. तिथे वारा नव्हता. तीन दिवसांत पहिल्यांदाच एकमेकांचा आवाज ओरडल्याशिवाय ऐकू येत होता. त्याचा हात दगडावर होता, तिचा त्याच्यापासून चार बोटांवर. ती त्या चार बोटांकडे बघत होती.

"आ-लून, मला तुला काहीतरी सांगायचंय."

"मलाही."

"नाही, आधी मी... ते कसं सांगू... म्हणजे तू रागावशील—"

"मी नाही रागावणार. थांब, मीच आधी सांगतो, तुला सोपं जाईल." त्याने एक मोठा श्वास घेतला. "उद्या नोकरी गेली तरी चालेल असं मला काल रात्रीपासून वाटायला लागलंय. इतके दिवस नुसती भीती होती. तू आल्यापासून... सगळ्या गावात तू एकटी आहेस जिने मला एकदाही विचारलं नाही, की खरं सांग, तूच केलंस ना? तू विश्वास ठेवलास. मला तू फार आवडतेस, युन-चिंग. हं, आता तू सांग."

आता काय सांगणार कपाळ? विश्वास कसला, तिला पुरावा माहीत होता. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला वाटलं, लाजली. त्याने ती चार बोटं ओलांडली आणि तिचा हात हातात घेतला, आणि तिला तो सोडवून घ्यायचं बळ झालं नाही. तो हात तिला हवाच होता. आयुष्यात इतकं काही हवंसं वाटलं नव्हतं आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती.

सोमवारी वारा पडला. नऊ वाजता बेटावरची बोट सुटणार होती, तिचं तिकीट बदलून मिळालं होतं, आ-लूननेच बदलून आणलं होतं. "बैठकीचं तोंड बघायला थांबू नकोस," असं म्हणून तो गेला होता. तिने बोट जाऊ दिली. दहाला पाच कमी असताना ती बोट-कंपनीच्या कचेरीचा जिना चढली.

आत मॅनेजर शू, नवऱ्या मुलाचा काका, दोन संचालक, कोपऱ्यात टोपी हातात धरून आ-लूनचे वडील. टेबलावर माफीपत्र आणि शेजारी पेन. आ-लून उभा.

"आपण कोण?" शू साहेबांनी विचारलं.

"मी शिन्चूहून आलेय. घड्याळ चुकलं ते यांच्यामुळे नाही. मला पंधरा मिनिटं द्या आणि खाली फाटकापाशी चला."

आ-लूनचा चेहरा असा उजळला, की तिला तिथून पळून जावंसं वाटलं.

धक्क्यावर सगळे मशीनभोवती जमले. युन-चिंगने हात लावला नाही, शू साहेबांनाच पुढे केलं. "तुम्हीच लावा. यंदाची अठ्ठावीस फेब्रुवारी, रात्रीचे अकरा अठ्ठावन्न. आता बंद करा. आता तीन मिनिटं थांबायचं."

तीन मिनिटं फार मोठी असतात. कोणी खाकरलं. काकांनी मनगटावरचं घड्याळ दोनदा पाहिलं. आ-लूनच्या वडिलांनी टोपी डोक्यावर घातली आणि परत काढली. आ-लून तिच्याकडे बघत होता, ती मशीनच्या काळ्या पडद्याकडे. तिला माहीत होतं, की हा पडदा उजळला की हा माणूस वाचेल आणि तिच्या हातून जाईल. तिला वाटलं, तीन मिनिटं संपूच नयेत.

"चालू करा."

मशीन उठलं. पडद्यावर आलं : १ मार्च, शून्य वाजून एक मिनिट.

"परत करा," काका म्हणाले. परत केलं. परत एक मार्च.

"या पोराने काहीच केलेलं नाही," आ-लूनचे वडील हळूच म्हणाले. कोणाला उद्देशून नव्हे, स्वतःलाच.

"नाही," युन-चिंग म्हणाली. "चूक आतल्या प्रोग्राममध्ये आहे. तो मी उतरवला, न वाचता. खाली सही माझी आहे. तुम्हाला माफीपत्र हवंच असेल तर मी लिहून देते."

शू साहेब काहीतरी विचारत होते, काका काहीतरी बोलत होते. तिने ते ऐकलं नाही. आ-लून दोन पावलं पुढे आला होता.

"तुला कधी कळलं?"

तिला वाटलं, आता कळलं असं म्हणावं. "शुक्रवारी. सकाळी."

"दूध सांडलं तेव्हा."

"हो."

"म्हणजे काल..." तो थांबला. "काल भिंतीपाशी तुला माहीत होतं."

"मी तेच सांगणार होते. तू आधी बोललास आणि मग... मला तुझा हात सोडवेना."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं धक्क्यावरून निघून गेले. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

शिन्चूला परतल्यावर जे व्हायचं ते झालं. बढतीचा कागद साहेबांच्या टेबलावरून खणात गेला, आणि तिला जुन्या ड्रायव्हरमधल्या असल्याच चुका हुडकण्याच्या कामाला लावलं. तिने तक्रार केली नाही. पहिली दुरुस्ती तिने याचीच केली, घरचं साल काढून चिपमध्ये जगाचं साल घातलं, आणि गुपचूप नाही, चूक कुणाची ते नावानिशी लिहून सगळ्यांसमोर मांडली.

पण रीत इथेही आड आली. दुरुस्ती नुसती लिहून चालत नाही. तीच चूक ज्याच्या मशीनवर झाली, अशा कोणीतरी ती बसवून, तपासून खाली आपलं नाव द्यावं लागतं. त्या जातीचे बोर्ड फार विकले गेले नव्हते. तिने इकडे विचारलं, तिकडे विचारलं, आणि शेवटी जे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं ते केलं. तिने माकुंगला पत्र पाठवलं. अगदी कोरडं, कचेरीतलं. 'सोबतची दुरुस्ती बसवून २०२४ आणि २०२५ ही दोन वर्षं तपासून कळवावं.' खाली स्वतःचं पूर्ण नाव. पाठवायचं बटण दाबण्याआधी ती पाऊण तास खोलीत येरझाऱ्या घालत होती.

पहिला आठवडा उत्तर नाही. दुसऱ्या आठवड्यात तिने फोन उशाशी घेऊन झोपायला सुरुवात केली, मग दुसऱ्या खोलीत ठेवून पाहिला, मग मध्येच उठून आणला. जेवताना घास हातात राहायचा. खोलीतली सोबतीण म्हणाली, "अगं, एवढं काय आहे त्या पत्रात?" युन-चिंग म्हणाली, "काही नाही, तारखा आहेत."

सतराव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी उत्तर आलं.

'को युन-चिंग यांस,

दुरुस्ती बसवली. तुम्ही दोन वर्षं तपासायला सांगितली होती. मी २०२४ पासून २०९९ पर्यंत तपासलं, कारण त्यापुढचं या चिपला मोजता येत नाही. दर वर्षीची अठ्ठावीस फेब्रुवारी लावायची, मशीन बंद करायचं, तीन मिनिटं थांबायचं, चालू करायचं. शहात्तर वेळा. एकोणीस वेळा एकोणतीस तारीख आली, सत्तावन्न वेळा एक मार्च. सगळं बरोबर आहे. माझं नाव खाली घालायला हरकत नाही.

आता बाकीचं. सुरुवात मी रागात केली. म्हटलं, एक तरी चूक सापडेल, मग तुला चांगलं सुनावता येईल. सापडली नाही. २०४० ला भूक लागली. २०५२ ला बाबा डबा घेऊन आले आणि म्हणाले, त्या पोरीने सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने चूक सांगितली, एवढी हिंमत मी तरी कुठे केली असती. मी त्यांना घालवून दिलं. तीन मिनिटं नुसतं बसायचं असतं ना, मग माणूस विचार करतो. २०६१ ला मी अडुसष्ट वर्षांचा असेन. पडदा काळा होता आणि मी विचार करत होतो, की त्या फेब्रुवारीत मी काय करत असेन. या धक्क्यावर एकटा बसून तुझ्यावर रागावलेला असेन का?

२०६१ ला राग गेला.

— औ चिया-लून'

युन-चिंगने ते उभ्या उभ्या वाचलं. मग बसून वाचलं. मग पर्स उचलली. साहेबांनी विचारलं, कुठे? ती म्हणाली, सुट्टी घेतेय.

पाच वाजता तिने त्याला फोन लावला. दोन घंटा वाजल्या आणि उचलला.

"एकसष्ट?" ती म्हणाली. "इतकी वर्षं राग धरलास?"

"तू तीन दिवस गप्प बसलीस," तो म्हणाला. "मी सदतीस वर्षं. फिटंफाट."

"आणि मग... बासष्टपासून पुढे काय?"

"पुढे..." तो अडखळला. "ते पत्रात लिहायचा धीर झाला नाही. बासष्टपासून प्रत्येक वेळी मशीन बंद केलं, की शेजारी तू बसलेली असायचीस. दर फेब्रुवारीला. कधी भांडत, कधी बर्फ खात. नव्व्याण्णवला तर मी एकशे सहा वर्षांचा होतो आणि तू माझ्या तारखा तपासून चुका काढत होतीस."

तिला हसू आलं. "मला तू आवडतोस," ती म्हणाली. "हे मी त्या दिवशी भिंतीपाशी सांगायला हवं होतं, त्या दुसऱ्या गोष्टीच्या आधी नाहीतर नंतर, पण सांगायला हवं होतं. माझं चुकलं."

"मग उद्या येतेस? शनिवार आहे. सकाळच्या विमानाला वारा नसतो."

"उद्या लांब आहे, आ-लून."

"मग आज इतक्या उशिरा कशी—" तो बोलता बोलता थांबला. "तुझ्या मागे कोण बोलतंय? ही कसली सूचना चाललीय?"

"माकुंगच्या विमानाची," युन-चिंग म्हणाली. "मी ताइचुंगच्या विमानतळावर आहे. आता फोन ठेव, रांग पुढे सरकतेय."